संघटना, संप आणि पगाराचा हिशेब

यंदा गणपतीत आरती झाल्यावर प्रसादाच्या रांगेत एका तरुण सभासदाने मला बाजूला घेतले. तो येथील औद्योगिक वसाहतीत एका वर्कशॉपमध्ये कामाला आहे. रोज दहा-दहा तास काम होते, पण वरच्या दोन तासांचे पैसे मिळत नाहीत, अशी त्याची तक्रार होती. "काका, आम्ही सहाजण आहोत. रविवारी कामावर जायचंच नाही असं ठरवतोय. युनियनसारखं काही करता येईल का?" असे त्याने विचारले. मी नेहमीच्या सावधपणाने उत्तर दिले, "परक्या मुलखात आहेस. भानगडीत पडू नकोस. चार वर्षं काढ, पैसे साठव आणि घरी जा."

तो गप्प झाला आणि प्रसाद घेऊन निघून गेला. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. त्याची दोन कारणे होती. एक म्हणजे मी स्वतः गेली अनेक वर्षे एका कंपनीची पगारपत्रके तयार करतो, तेव्हा ओव्हरटाईमचे पैसे कागदावरून कसे नाहीसे होतात हे मला ठाऊक आहे. दुसरे म्हणजे माझे वडील मुंबईत गिरणी कामगार होते. संघटना म्हणजे काय, संप म्हणजे काय आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे मी वयाच्या दहाव्या वर्षी घरात बसून पाहिले आहे. तेव्हा त्या मुलाला इतके सोपे उत्तर देण्याचा मला अधिकार नव्हता. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती आहे.

आपल्या सभासदांत नोकरदार आहेत, पर्यवेक्षक आहेत, आणि दहा-पंधरा माणसे कामाला ठेवणारे छोटे व्यावसायिकही आहेत. युनियन हा शब्द निघाला की यातील निम्मे लोक नाक मुरडतात आणि निम्मे हळहळतात. दोन्ही गोष्टी बाजूला ठेवून आपण आधी हिशेब मांडू.

एकट्याचा भाव होत नाही

शुक्रवारी सकाळी निझव्याचा बकऱ्यांचा बाजार आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. डोंगरातल्या गावातून एकच बकरी घेऊन आलेला म्हातारा आणि चार बाजार फिरलेला व्यापारी यांच्यात सौदा होतो. बाजार उठायच्या आत म्हाताऱ्याला विकायचेच असते. व्यापारी मात्र पुढच्या शुक्रवारपर्यंत थांबू शकतो. भाव कोण ठरवणार हे सांगायला नको. ज्याला पोटाची घाई असते त्याला भाव करता येत नाही.

श्रमाच्या बाजारातही हेच घडते. अॅडम स्मिथने १७७६ साली लिहिलेल्या ग्रंथात हे स्पष्ट सांगितले आहे की, वाद झाला तर मालक दीर्घकाळ थांबू शकतो. कामगारांपैकी अनेकांना एक आठवडाही रोजगाराशिवाय काढणे जड जाते. संघटना ही थांबण्याची ताकद उसनी देते. तिचे अर्थशास्त्र मुळात एवढेच आहे.

परंतु या ताकदीचे परिणाम दुहेरी असतात. रिचर्ड फ्रीमन आणि जेम्स मेडॉफ या दोन अमेरिकन अर्थतज्ज्ञांनी १९८४ साली यावर एक पुस्तक लिहिले. त्यांनी संघटनेचे दोन चेहरे सांगितले. पहिला चेहरा मक्तेदारीचा. संघटना बाजारभावापेक्षा जास्त मजुरी मिळवते, मालकाचा नफा कमी करते आणि कधी नव्या नोकऱ्यांना अडसर होते. दुसरा चेहरा आवाजाचा. ज्याला तक्रार बोलून दाखवता येते तो नोकरी सोडून जात नाही. माणसे टिकतात, हाताखालची नवी माणसे जुन्यांकडून शिकतात, आणि उत्पादनातील चुका वरपर्यंत कळतात. अमेरिकेत संघटित कामगाराला तशाच असंघटित कामगारापेक्षा साधारण दहा ते पंधरा टक्के जास्त मजुरी मिळते, असे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. कारखान्याचे यात नुकसान होते की फायदा, हे मात्र दोहोंपैकी कोणता चेहरा पुढे येतो त्यावर अवलंबून असते. आपल्या मराठी मुलखात हे दोन्ही चेहरे पाहायला मिळाले आहेत.

गिरणगावाचा धडा

सुरुवात चांगली होती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरवली आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारला दिले. मागण्या अगदी साध्या होत्या. आठवड्याला रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार. रविवारची सुटी १० जून १८९० रोजी मान्य झाली. या मागण्यांत आरोग्य आणि अर्थ या दोन्ही गोष्टी आहेत हे लक्षात घ्या. कापसाच्या धुरळ्यात काम करणाऱ्यांच्या छातीचा एक विकार आहे. सुटीनंतर सोमवारी कामावर आले की छाती आवळल्यासारखी होते, ही त्याची खूण. डॉक्टर त्याला बिसिनोसिस म्हणतात. आठवड्याचा एक दिवस फुप्फुसांना उसंत मिळणे ही चैन नव्हती.

आता १९८२ कडे येऊ. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू केला. पगारवाढ हवी होती, बदली कामगारांना कायम करायचे होते, आणि मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द व्हावा ही तिसरी मागणी होती. या तिसऱ्या मागणीकडे लोक आज दुर्लक्ष करतात. माझ्या मते मुळाशी तीच होती.

१९४६ च्या या कायद्यानुसार ज्या संघटनेकडे उद्योगातले पंचवीस टक्के सभासद आहेत असे नोंदवहीवरून ठरे, तिलाच सर्व कामगारांच्या वतीने बोलण्याचा हक्क मिळे. गिरण्यांत तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. कामगारांना ही संघटना आपली वाटत नव्हती. परंतु गुप्त मतदानाने ती बदलण्याची सोय नव्हती, आणि दुसऱ्या कुणी वाटाघाट केली तर ती कायद्याला मान्य नव्हती. म्हणजे आवाजाचा अधिकृत रस्ता बंद होता. तो बंद झाला की माणसे बाहेरचा, आक्रमक नेता शोधतात. इंजिनियरिंग आणि रासायनिक कारखान्यांत मोठ्या पगारवाढी मिळवून दिलेले डॉ. सामंत त्यांना सापडले.

पुढचे सर्वांना माहीत आहे. हा संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला. १९८३ मध्ये केंद्र सरकारने मुंबईतल्या तेरा गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. लाखाहून अधिक कामगारांच्या नोकऱ्या कायमच्या गेल्या. डॉ. सामंत १९८४ साली लोकसभेवर निवडून आले आणि १६ जानेवारी १९९७ रोजी त्यांची हत्या झाली. गिरण्यांच्या जमिनींचे नियम १९९१ मध्ये बदलले आणि चिमण्यांच्या जागी मॉल व मनोरे उभे राहिले.

संपाने गिरण्या बुडाल्या, असे एका वाक्यात म्हणण्याची पद्धत आहे. ते अर्धसत्य आहे. बऱ्याच गिरण्यांची यंत्रे जुनी झाली होती आणि मालकांनी नफा तेथे परत घातला नव्हता. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे यंत्रमाग कमी मजुरीत आणि कमी करात कापड काढत होते. कृत्रिम धाग्याचे कापड वाढत होते. गिरणीपेक्षा तिच्याखालची जमीन महाग झाली होती. अशा वेळी माल पडून असलेल्या मालकाला बंद गिरणी परवडते. संप हे हत्यार समोरच्याला उत्पादन हवे असेल तरच चालते. त्याला उत्पादन नकोच असेल, तर संप म्हणजे त्याला दिलेली बिनपगारी सुटी ठरते. नेतृत्वाने हा हिशेब केला नाही, आणि परतीचा रस्ताही ठेवला नाही. मध्येच थोडे पदरात पाडून घेऊन कामावर जाण्याची तजवीज नव्हती.

याची किंमत कुणी मोजली? माझे वडील साचेखात्यात कायम होते. शेजारच्या खोलीतले काका बदली होते. रोज सकाळी गिरणीच्या दाराशी उभे राहायचे, कुणी गैरहजर असेल तर पाळी मिळायची. संपात दोघेही सारखेच घरी बसले. पण वडिलांची थोडीफार शिल्लक होती, काकांचे काहीच नव्हते. ते तिसऱ्या महिन्यात गावी गेले आणि परत आले नाहीत. आमच्या चाळीत खालच्या मजल्यावर एक मावशी गिरणीवाल्यांची खानावळ चालवत. त्यांची चौदा माणसे जेवायला होती. ती चार झाली. मावशींच्या नावाचे पत्रक कुठल्या युनियनने काढले नाही. आमच्या घरची पितळेची भांडी एकेक करून मोडीत गेली. वडील पुढे एका इमारतीवर वॉचमन म्हणून लागले. त्यांनी शेवटपर्यंत संपाला नावे ठेवली नाहीत. "मागणी बरोबर होती, हिशेब चुकला," एवढेच ते म्हणत.

दुसरे उदाहरण: माथाडी

त्याच मुंबईत, त्याच काळात, दुसऱ्या प्रकारची एक संघटना उभी राहिली. डोक्यावर आणि पाठीवर ओझी वाहणाऱ्या हमालांना मालकच नसे. आज या पेढीवर, उद्या त्या गोदामात. अण्णासाहेब पाटील यांनी या माणसांना संघटित केले, आणि त्यातून १९६९ साली महाराष्ट्राचा माथाडी कायदा झाला. त्याची योजना हिशेबनिसाला आवडावी अशी आहे. व्यापारी आणि हमाल दोघांची मंडळाकडे नोंद होते. व्यापारी मजुरी मंडळाकडे भरतो आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही देतो. त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार, बोनस आणि औषधोपचार भागतात. कुठल्याही एका व्यापाऱ्यावर फार बोजा पडत नाही, कारण सर्वांवर सारखाच पडतो. जो देतो तो बाजारात महाग ठरत नाही.

पुण्यात बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने 'कष्टाची भाकर' हे स्वस्त जेवणाचे केंद्र चालवले. १९९३ मध्ये पुण्यातच कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बायकांची पंचायत झाली, आणि २००८ पासून 'स्वच्छ' या सहकारी संस्थेमार्फत त्या महापालिकेशी करार करून घरोघर कचरा गोळा करू लागल्या. ज्यांना नोकरीच नव्हती त्यांनी संघटनेतून नोकरीसारखी व्यवस्था उभी केली.

याही व्यवस्थेला कीड लागते. गेल्या काही वर्षांत औद्योगिक पट्ट्यांत माथाडीच्या नावाखाली मालकांवर माणसे लादणे, काम न करता पैसे मागणे अशा तक्रारी वाढल्या. २०२३ मध्ये राज्य सरकारने कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले, आणि त्याने मूळ संरक्षणच पातळ होईल म्हणून संघटनांनी त्याला विरोध केला. सांगण्याचा मुद्दा असा की, संघटना म्हटल्यावर ती आपोआप सोवळी होत नाही. तिचा हिशेब कोण तपासतो आणि तिचे पुढारी कोण बदलू शकतो, यावर सगळे अवलंबून असते.

आणि आपल्या ओमानमध्ये?

आपल्यापैकी पुष्कळांची समजूत आहे की येथे युनियनला बंदी आहे. तसे नाही. २००६ साली कामगार कायद्यात दुरुस्ती होऊन संघटना स्थापण्यास परवानगी मिळाली. अमेरिकेशी मुक्त व्यापार कराराच्या हालचाली त्याच वर्षी चालू होत्या, हा योगायोग नव्हता. २०१० मध्ये देशव्यापी कामगार महासंघ स्थापन झाला. २०११ च्या सुरुवातीला सोहारला निदर्शने झाली. त्याच सुमारास ओमानी नागरिकांचे खाजगी क्षेत्रातील किमान वेतन २०० रियाल झाले, आणि २०१३ मध्ये ३२५ रियाल. संघटनेत सभासद होण्यास परदेशी कामगारालाही कायद्याची आडकाठी नाही. मात्र संपाला नियम आहेत: आधी रीतसर सूचना द्यावी लागते, आणि अत्यावश्यक सेवांत संप करता येत नाही. सहाजणांनी रविवारी अचानक घरी बसणे म्हणजे कायदेशीर संप नव्हे, ती गैरहजेरी आहे. हे त्या मुलाला मी सांगायला हवे होते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. आपण युनियनचे सभासद नसलो, तरी संघटित दबावातून आलेल्या कायद्यांचा लाभ आपल्याला मिळतो. २०२३ च्या कामगार कायद्याने (फर्मान ५३/२०२३) कामाचे तास दिवसाला आठ व आठवड्याला चाळीस ठरवले. पूर्वी ते पंचेचाळीस होते. उन्हाळ्यात जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम बंद ठेवण्याचा नियम आहे. निझव्याच्या उन्हात या तीन तासांची किंमत काय असते, हे इस्पितळात काम करणाऱ्या आपल्या भगिनींना विचारा. लोखंड्यांनी १८८४ मध्ये दुपारचा अर्धा तास मागितला होता.

ग्रॅच्युइटीचे उदाहरण घेऊ. २००३ च्या कायद्यात पहिल्या तीन वर्षांसाठी दरसाल पंधरा दिवसांचा आणि पुढे दरसाल एक महिन्याचा मूळ पगार मिळे. २०० रियाल मूळ पगार असणाऱ्याचे दहा वर्षांचे १७०० रियाल होत. नव्या कायद्यात दरसाल एक महिना धरला आहे; म्हणजे दहा वर्षांचे २००० रियाल. सामाजिक संरक्षण कायद्यात (फर्मान ५२/२०२३) परदेशी कामगारांसाठी ग्रॅच्युइटीच्या जागी बचत निधीची तरतूद आहे. तीत मालकाने मूळ पगाराच्या नऊ टक्के रक्कम दरमहा भरायची आहे. वर्षाला एक महिना म्हणजे सव्वाआठ टक्क्यांच्या थोडे वर, तेव्हा आकडा जवळपास तोच. फरक असा की, कंपनी बुडाली तरी दरमहा बाजूला पडलेला पैसा तिच्याबरोबर बुडत नाही.

आणखी एक बदल म्हणजे १ जानेवारी २०२१ पासून करार पूर्ण झालेल्या परदेशी कामगाराला नवी नोकरी धरायला जुन्या मालकाच्या ना-हरकत पत्राची गरज उरली नाही. अल्बर्ट हर्शमन या अर्थतज्ज्ञाने १९७० साली मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. असमाधानी माणसापुढे दोन रस्ते असतात, सोडून जाणे किंवा बोलणे. दोन्ही बंद केले की तो तिसरा रस्ता धरतो. तो हळू काम करतो, हत्यारे हरवतो, एखाद्या दिवशी पळून जातो. तिन्हींचा खर्च मालकाच्याच वहीत पडतो.

ओव्हरटाईमचा खरा आकडा

आता त्या मुलाचा हिशेब करू. समजा मूळ पगार १२० रियाल आहे. तीस दिवस आणि आठ तास धरले तर एका तासाचे ५०० बैसे होतात. दिवसाच्या ओव्हरटाईमला कायद्याने किमान २५ टक्के जास्त, म्हणजे तासाला ६२५ बैसे. (रात्रीच्या ओव्हरटाईमला ५० टक्के जास्त.) आठवड्याची सुटी सोडून महिन्याला बावीस दिवस, रोज दोन तास म्हणजे ४४ तास, त्याचे साडेसत्तावीस रियाल. अकरा महिन्यांचे तीनशे रियालांच्या वर. चार वर्षांत बाराशे रियाल. गावाकडे घराच्या छपराचा किंवा बहिणीच्या शिक्षणाचा खर्च यातून निघतो. "दोनच तास तर आहेत" असे म्हणताना आपण हा आकडा डोळ्यांपुढे आणत नाही.

येथे मला एक कबुली द्यायची आहे. मूळ पगार कमी ठेवून भत्ते वाढवले, तर हातात पडणारी रक्कम तीच राहते, पण ओव्हरटाईम व ग्रॅच्युइटी मूळ पगारावर मोजली जात असल्याने दोन्ही घटतात. हा सल्ला मी स्वतः एकदा आमच्या मालकांना दिला होता. बेकायदेशीर काही नव्हते. मालक खूष झाले. ज्यांचा तोटा झाला त्यांना तो कळलाही नाही, कारण विचारणारे कुणी नव्हते. वडील त्या वेळी हयात असते तर त्यांना मी हे सांगू शकलो नसतो.

मालकाची बाजू

छोट्या व्यावसायिक मित्रांचे म्हणणेही खोटे नाही. "माझ्याकडे बारा माणसं आहेत. बिलाचे पैसे चार महिने येत नाहीत. उद्या सगळ्यांनी मिळून पगार वाढवा म्हटलं तर दुकान बंद करावं लागेल," असे एकजण मला म्हणाले. वाढीव मजुरी कुठून तरी यावी लागते: नफ्यातून, गिऱ्हाइकाच्या खिशातून, वाढलेल्या उत्पादनातून, किंवा कमी केलेल्या माणसांच्या पोटातून. जेथे नफा पातळ आणि स्पर्धा तीव्र, तेथे मागणी ताणली तर शेवटचाच मार्ग उरतो. पुण्यात टेल्कोच्या कामगारांनी १९८९ च्या सप्टेंबरात शनिवारवाड्यापुढे केलेले उपोषण असेच फसले. तेथे तर एकाच कारखान्यातल्या दोन संघटनांची स्पर्धा होती आणि कामगारच विभागले गेले.

परंतु मालकाने दुसरी बाजूही मांडावी. एक माणूस गेला की नवा व्हिसा, विमानाचे तिकीट, वैद्यकीय तपासणी, आणि काम शिकेपर्यंतचे चार-सहा महिने असा खर्च येतो. वर्षाला तीन माणसे बदलत असतील, तर तो पैसा त्यांना टिकवण्यात घातलेला स्वस्त पडतो. बाराजणांशी बारा वेळा घासाघीस करण्यापेक्षा दोन प्रतिनिधींशी एकदा बोलून दोन वर्षांचा पगार ठरवला, तर पुढच्या कामाचा भाव भरतानाही सोयीचे जाते. आणि तक्रार आधी कळली तर अपघात टळतो. दहाव्या तासाला ग्राइंडरवर उभा असलेला माणूस हा विम्याच्या दृष्टीनेही महागच असतो.

तात्पर्य

माझे मत असे झाले आहे की, संघटना चांगली की वाईट, हा प्रश्नच चुकीचा आहे. तीन गोष्टी विचाराव्यात. सभासदांना पुढारी बदलता येतो का? पैशाचा आणि मागणीचा हिशेब उघड्यावर मांडला जातो का? आणि भांडण सुरू करताना ते कुठे थांबवायचे हे ठरले आहे का? गिरण्यांत पहिल्याचे उत्तर कायद्याने नाही असे दिले, म्हणून तिसऱ्याचे उत्तर कुणी शोधलेच नाही. माथाडीत जोवर दुसऱ्याचे उत्तर होय होते, तोवर हमालाचेही भले झाले आणि व्यापाराचेही.

हे काही परदेशी शास्त्र नाही. निझव्याच्या दारिस फलजचे पाणी आपण रोज पाहतो. ज्यांचा पाण्यात वाटा आहे त्यांची पाळी वेळेवर ठरलेली असते. व्यवहार पाहणारा वकील वाटेकरीच नेमतात. काही वाट्यांच्या लिलावातून दुरुस्तीचा खर्च निघतो. आपल्या धुळ्याकडच्या फड पद्धतीतही पाणी असेच पाळीने आणि सर्वांच्या देखरेखीखाली वाटले जात आले. पाणी सर्वांचे, हिशेब उघडा, आणि दुरुस्तीचा खर्चही सर्वांचा. म्हणून शेकडो वर्षांनंतरही फलज वाहते आहे.

त्या तरुण सभासदाला मी दुसऱ्या आठवड्यात घरी बोलावले. त्याला चार गोष्टी सांगितल्या, त्या येथेही लिहितो. रोज कामाची वेळ वहीत लिहावी, तारखेसह. करारातला मूळ पगार आणि बँकेत जमा होणारी रक्कम दोन्हीच्या प्रती जपाव्यात. मागणी सर्वांनी मिळून, लेखी, सभ्य भाषेत आणि आकड्यांसह करावी. उत्तर मिळाले नाही तर काम न थांबवता कामगार मंत्रालयाच्या कार्यालयात तक्रार नोंदवावी, आणि गरज पडल्यास मस्कतला आपल्या दूतावासाच्या ओपन हाऊसमध्ये जावे.

सहाजणांचे पत्र मी त्यांच्याबरोबर बसून तयार केले. मालकाने चालू महिन्यापासून ओव्हरटाईम द्यायचे कबूल केले आहे. मागच्या थकबाकीबद्दल बोलणे चालू आहे. ती पूर्ण मिळेल असे मला वाटत नाही. त्यांपैकी एकाचा करार पुढे वाढवला जाईल की नाही, याची काळजी त्याला आणि मलाही आहे. मागणीला किंमत असते, हे मी विसरलेलो नाही. मात्र या खेपेला हिशेब आधी झाला आहे.

आणि आमच्या कार्यालयातली पगाराची मांडणी? तो विषय मी मालकांपुढे काढला आहे. नव्या करारांत मूळ पगाराचा भाग वाढवावा, असे टिपण आकड्यांसह दिले आहे. उत्तर अजून आलेले नाही. आपल्यापैकी जे कुणी हिशेबाच्या टेबलावर बसतात त्यांना माझी विनंती आहे, की एकदा तरी पगारपत्रक त्यावर सही करणाऱ्याच्या बाजूने वाचून पाहावे.